परला डोळा

सांगली स्टँडवरून पलूसला जाणारी सकाळची एसटी त्या दिवशी चक्क वेळेवर सुटली. अंजनाताई खिडकीपाशी बसल्या. मांडीवर पिशवी, पिशवीत मोठं भिंग, खाकी लिफाफे, रंगांच्या पुड्या, चार बारीक कुंचल्या आणि आठ दिवसांच्या गोळ्या. परगावी जाताना माणसाने कुणाला तरी सांगून निघावं, म्हणून त्यांनी दूधवाल्याला सांगितलं होतं. तो "बरं" म्हणाला आणि कॅन उचलून चालता झाला. कुठे निघालात, कधी येणार, असं विचारायला तो काही त्यांचा कोणी लागत नव्हता. जे लागत होते ते पुण्याला होते, आणि पुण्याच्याही पलीकडे.

सांगलीतल्या विश्रामबागेच्या एका कॉलेजात अंजनाताईंनी एकतीस वर्षं चित्रकलेचा इतिहास शिकवला. लग्न राहून गेलं. आधी भावांची शिक्षणं होती, मग कुणी विषयच काढला नाही, आणि पुढे तर विषय निघाला असता तरी हसू आलं असतं असं वय झालं. निवृत्त होऊन पाच वर्षं झाली होती. फ्लॅट नीटनेटका होता. भिंतीवर चित्रं होती, कुंडीत तुळस होती, टीव्ही होता. फक्त दाराची बेल वाजत नव्हती. एकदा तर ती बिघडली असेल म्हणून त्यांनी स्वतःच बाहेर जाऊन वाजवून पाहिली होती. चांगली वाजत होती.

म्हणून शिवतेजचा फोन आला तेव्हा त्यांनी आढेवेढे न घेता होकार दिला. शिवतेज त्यांच्या रविवारच्या चित्रकलेच्या वर्गातला मुलगा, आता फौजेत मेजर. "मॅडम, मला सुट्टी मिळत नाही," तो म्हणाला, "आणि साताऱ्याचे संग्रहालयवाले म्हणतात, आधी यादी द्या, मग चित्रं घेतो. आमच्या घरात ती चित्रं कुणाला कळत नाहीत. तुम्ही आठ दिवस बंगल्यावर राहा. मनुबाई आहेत, जेवणाचं बघतील."

ती चित्रं म्हणजे थोरल्या आप्पासोंचं बासन. हे आप्पासो शिवतेजच्या घराण्यातले सव्वादोनशे वर्षांपूर्वीचे पुरुष. साताऱ्याकडच्या एका सरदाराच्या पदरी कारकून होते आणि फौजेबरोबर वर गुजरात-माळव्यापासून खाली कर्नाटकापर्यंत हिंडले. बाकीच्यांनी येताना भांडी आणली, शेले आणले, घोडे आणले. या गृहस्थाने मुक्कामागणिक हातभर कागदावरचं एकेक चित्र आणलं. घरच्यांनी त्यांना वेड्यात काढलं असणार, पण लाल फडक्यात बांधलेलं ते बासन मात्र कुणी टाकलं नाही.

आता एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. तो बंगला भुताखेतांना शोभेल असा अजिबात नव्हता. शिवतेजच्या वडिलांनी फौजेतून आल्यावर बांधलेला, स्लॅबचा, चकचकीत फरशीचा. सोफ्यावरचं प्लास्टिकसुद्धा अजून काढलेलं नव्हतं. वडील गेले, आई मुलाबरोबर बदलीच्या गावी गेली, आणि घर तसंच नवंकोरं राहिलं. चारी बाजूंनी डोक्याच्या वर गेलेला ऊस. वारा असला की पात्याला पातं घासायचं, आणि वारा नसतानाही कुठेतरी आत एखादं पातं घासल्याचा आवाज यायचा. उसाचा ओलसर गोड वास दुपारी इतका दाटायचा की खिडकी लावून घ्यावीशी वाटे. हाक मारावी तर पहिलं घर कालव्यापलीकडे.

कालव्यापलीकडच्या त्या वस्तीवरून मनुबाई यायच्या. सकाळी नऊला यायच्या आणि शेरडं सोडायची म्हणून चारला जायच्या. अंजनाताईंच्याच वयाच्या. डाव्या गालावर गोंदणाचे तीन ठिपके, डाव्या नाकपुडीत चमकी, डोक्यावरचा पदर कधी ढळायचा नाही. त्यांचा नवरा धुळा जतकडच्या माळावरून मेंढरं घेऊन इकडे उतरला आणि पाणी बघून इथेच राहिला. तो जाऊन बारा वर्षं झाली होती. घरात मुलगा होता, सून होती, पण मनुबाई त्यांच्याबद्दल फारसं बोलायच्या नाहीत. पहिले दोन दिवस त्या अंजनाताईंशीही बोलल्या नाहीत. भाकरी थापायच्या, फरशी पुसायच्या, दारात बसायच्या. दोन बायका एका घरात, आणि आवाज फक्त उसाचा.

तिसऱ्या दिवशी त्या भिजले हात पुसत टेबलापाशी आल्या. "आवं बाई, ह्या बाईचा डोळा असा भाईर का लोंबतोय?"

अंजनाताईंनी भिंग खाली ठेवलं. एकतीस वर्षांच्या नोकरीत इतक्या मनापासूनचा प्रश्न त्यांना क्वचितच कुणी विचारला होता. समोर होतं ते बासनातलं सगळ्यात जुनं पान, गुजरातेतलं. लाल जमिनीवर एक बाई बसलेली. चेहरा कडेने, बाजूला वळलेला. पण पलीकडच्या बाजूचा डोळा, जो दिसायला नको, तोही काढलेला. नाकाच्या पुढे, गालाच्या बाहेर, हवेत.

"चेहरा वळवला की पलीकडचा डोळा दिसत नाही ना," अंजनाताई सांगू लागल्या. "पण त्या चित्रकारांना तो सोडवेना. माणूस अर्धं कसं ठेवायचं? म्हणून ते तो बाहेर काढून दाखवायचे. त्याला परला डोळा म्हणायचं. मग पुढे," त्यांनी दुसरं पान पुढे ओढलं, माळव्यातलं, "हे बघा. इथे तो गेला. सरळ एकाच डोळ्याचा चेहरा. मग राजस्थानात प्रत्येक दरबाराने आपापला चेहरा घडवला, कुणी डोळा लांब केला, कुणी कपाळ मागे नेलं. आपल्याकडे विजापूर-अहमदनगरला रंग निराळे झाले, नेसणं निराळं झालं. आणि ही शेवटची दोन आपल्या साताऱ्याकडची. नऊवारी बघा, नथ बघा. पण डोळा सगळीकडे एकच. परला डोळा एकदा गेला तो गेलाच."

मनुबाईंनी सगळी पानं एकेक करून बघितली. मग विचारलं, "पर बाई, त्यो डोळा गेला कुटं?"

"गेला म्हणजे काढायचं बंद केलं."

"व्हय, पर आदी हुता न्हवं. हुता त्यो कुटंतरी गेला आसंल की."

अंजनाताई हसल्या. फार दिवसांनी मोठ्याने हसल्या. त्या दिवसापासून मनुबाई काम आटोपलं की टेबलाशेजारी येऊन बसू लागल्या, आणि दुपारचा चहा दोघींचा एकत्र होऊ लागला. मनुबाई मेंढरांबरोबर फिरलेल्या मुलुखाच्या गोष्टी सांगायच्या. कुठल्या ओढ्याला पाणी, कुठल्या गावची माणसं दारात उभं करत नाहीत, तंबूत पाऊस आला की पोरं कुठे झाकायची. अंजनाताई ऐकत राहायच्या. आठव्या दिवशी आपल्याला परत जायचं आहे, म्हणून त्या उरलेल्या दुपारी बोटांवर मोजू लागल्या. त्यांनी स्वतःला दटावलं. ओळख चार दिवसांची, आणि जीव इतका लावायचा?

पाचव्या दिवशी बासनाच्या अगदी तळाला एक कोरा कागद निघाला. अनेक पदर एकावर एक चिकटवून दगडाने घोटलेला, चित्रासाठी तयार करून ठेवलेला. दोनशे वर्षं झाली तरी हात फिरवला तर साईसारखा लागत होता. वर एक रेघही नव्हती. मागे मोडीत एकच ओळ होती. अंजनाताईंना मोडी वाचता यायची. त्यांनी भिंग धरून वाचलं.

जिते आहे तो काढू नये.

जिवंत आहे तोवर काढू नये. त्यांनी क्षणभर विचार केला. साधं माणूस असतं तर दचकलं असतं आणि कागद ठेवून दिला असता. पण अंजनाताई शिकलेल्या होत्या आणि त्यांचं शिक्षणच आडवं आलं. त्यांना पक्कं ठाऊक होतं की त्या काळात चित्र काढत नसत, चित्र 'लिहीत' असत. जुन्या कागदांत सगळीकडे तसंच येतं, अमक्याने चित्र लिहिलें. मग इथला 'काढू' हा चित्र काढण्यातला नव्हे, बासनातून बाहेर काढण्यातला. आपण जिवंत आहोत तोवर हा कागद कुणी बाहेर काढू नये, असं आप्पासोंनी बजावून ठेवलं असणार. चांगला कागद, मुलांनी चुरगळला असता. आणि आप्पासो तर केव्हाच गेले. तेव्हा अडचण काहीच नाही. त्यांनी यादीत लिहिलं, 'कोरा कागद, एक', आणि पुन्हा विचार करून ती ओळ खोडली.

खोडली, कारण त्यांच्या मनात आलं होतं की जाण्याआधी मनुबाईंना काहीतरी द्यावं.

"मनुबाई, तुमचं चित्र काढू का?"

मनुबाई लाजल्या. साठीच्या बाईने लाजावं तशा, पदर तोंडाशी धरून. "माजं? माजं काय काडायचंय. आदार कार्डावर हाय त्येवडाच माजा फोटू. त्यात बी कोन वळखत न्हाई."

"बसा तिथे. त्या पांढऱ्या भिंतीकडे तोंड करून. मान हलवू नका."

दोन दुपारी मनुबाई बसल्या. अंजनाताईंनी साताऱ्याच्या धाटणीने काढलं. मागे चुन्याची भिंत, हिरवं लुगडं, डोक्यावरून पदर, गालावर तीन ठिपके, नाकात चमकी. चेहरा कडेने, डाव्या बाजूचा. त्यांचा हात इतका कधीच चालला नव्हता. रेघ मनात यायच्या आधी कागदावर उतरत होती. कागद रंग पीत होता, आणि पाणी नुसतं दाखवलं तरी कुंचली ओली होत होती. डोळा रीतीप्रमाणे अगदी शेवटी. डोळ्याची वरची रेघ, मग बाहुली. बाहुलीचा काळा ठिपका टेकवला आणि बाहेर उसातला आवाज थांबला. बराच वेळ आला नाही.

मनुबाईंनी चित्र दोन्ही हातांत धरून पाहिलं. "म्याच हाय," त्या हळूच म्हणाल्या. मग थोड्या वेळाने, "दुसरा डोळा कुटं हाय, बाई?"

"पलीकडे. आहे की तो. दिसत नाही एवढंच."

"मग बरं," म्हणाल्या आणि शेरडांची वेळ झाली म्हणून निघाल्या. चित्र रंग सुकायला तिथेच राहिलं.

दुसऱ्या दिवशी, सातव्या दिवशी, मनुबाई नऊला आल्या. ऊन चांगलं वर आलं होतं. अंजनाताई यादी पुरी करत होत्या. मनुबाई दारातून आत आल्या, डावीकडून उजवीकडे स्वयंपाकघरात गेल्या, आणि जाताना चमकी उन्हात लखलखली. थोड्या वेळाने घागर घेऊन परत बाहेर निघाल्या, उजवीकडून डावीकडे. तेव्हाही चमकी लखलखली.

अंजनाताईंनी मान वर केली. काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. पण काय, ते कळेना. जमाखर्चात न जुळणारा आकडा शोधावा तसं त्या मनात शोधू लागल्या. मनुबाई घागर भरून पुन्हा आल्या. गाल, गालावरचे तीन ठिपके, चमकी. पुन्हा बाहेर गेल्या. गाल, तीन ठिपके, चमकी.

बाहेर जाताना डावा गाल दिसला. मग आत येताना उजवा दिसायला हवा.

अंजनाताईंच्या हातातलं पेन खाली पडलं. ते उचलायचं त्यांच्या ध्यानात आलं नाही. वीज गेलेली होती, पंखा बंद होता, आणि घरभर उसाचा तो गोड वास कोंडला होता. त्या उठल्या. स्वयंपाकघरात मनुबाई जमिनीवर पाट घेऊन परातीत पीठ मळत बसल्या होत्या. दारातून त्यांचा डावा गाल दिसत होता. ठीक आहे, दार त्या बाजूला आहे, अंजनाताईंनी स्वतःला सांगितलं. त्या चार पावलं पुढे गेल्या, मनुबाईंच्या समोर. डावा गाल. आणखी चार पावलं, खिडकीपाशी, पार दुसऱ्या बाजूला. डावा गाल, तीन ठिपके, चमकी. मनुबाई हलल्या नव्हत्या. त्यांचे हात परातीत तसेच फिरत होते. अंजनाताईंनी त्यांच्याभोवती एक पूर्ण फेरी घातली, देवळात घालतात तशी, आणि पुन्हा दारात येऊन भिंतीला टेकल्या.

"मनुबाई…"

"काय वं बाई?"

"जरा माझ्याकडे बघा."

"बगतिया की."

"नीट… समोर."

हात थांबले. त्यांचा एक डोळा भिंतीकडे लागलेला होता, पण आवाज अंजनाताईंच्याच दिशेने आला. "समूरच बगतिया, बाई. तुमी दिसताय. पर अर्ध्याच दिसताय…"

"कधीपासून?"

"काल हितनं गेले तवापास्नं. उजव्या अंगाला काय न्हाईच. अंदार न्हाई, धुकं न्हाई… नुस्तं न्हाई. रातच्याला त्या कुशीवर वळाय गेले तर कूसच न्हाई."

"घरी सांगितलंत का कुणाला?"

"काय सांगू. सूनबाईनं च्या दिला. ल्योक म्हनला, गवात आन. कुनाच्या ध्येनात आलं न्हाई." मनुबाईंनी पिठाचा गोळा परातीच्या कडेला सारला. त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती. "माज्याकडं बगतंय कोन, बाई."

या वाक्याने अंजनाताईंचं काळीज गलबललं. भीती होतीच, पण तिच्यावर मात करून हे दुःख वर आलं. आठवड्यापूर्वी विश्रामबागेत त्यांचा स्वतःचा अर्धा चेहरा नाहीसा झाला असता तर दूधवाल्यालाही कळलं नसतं. या बाईने चार दिवस शेजारी बसून चहा प्याला, गोष्टी सांगितल्या, आणि आपण तिचं काय केलं? प्रेमाने केलं, पण केलं आपणच.

त्या टेबलाकडे धावल्या. चित्र उलटं केलं. भिंग धरायची गरज नव्हती, ओळ पाठ झाली होती. जिते आहे तो काढू नये. त्यांनी शब्दन् शब्द पुन्हा वाचला. आप्पासो स्वतःबद्दल लिहीत असते तर 'जिता' म्हणाले असते. 'जिते' कशाला? जिते ते माणूस. माणूस जिवंत आहे तोवर त्याचं काढू नये. लिहावं ते चित्र. या कागदावर लिहिलं जात नव्हतं, इथे काढलंच जात होतं. विहिरीतून पाणी काढतात, पायातला काटा काढतात, तसं. आपण रोज बोलतो, चित्र काढलं, फोटो काढला. कशातून काढला, हे कोण विचारतं?

आता काय करायचं? पुसावं तर उरलेली बाजूही पाण्याबरोबर जायची. फाडायचा तर विचारही त्यांना करवेना. त्या ओळीवर खल करता करता घड्याळात अडीच वाजले होते. चारला मनुबाई शेरडांसाठी निघणार, कालव्याच्या काठाने, अर्ध्याच दिसणाऱ्या वाटेवरून. आणि उद्या सकाळी नऊची गाडी आपल्याला सांगलीला नेणार. मनुबाईंना असं ठेवून? त्यांच्याकडे पुन्हा कुणी बघणार नाही. कुणाला कळणारही नाही.

अंजनाताईंचं लक्ष टेबलावरच्या पहिल्या पानाकडे गेलं. लाल जमिनीवरची ती बाई, आणि हवेत तरंगणारा तिचा डोळा. दरवर्षी पहिल्या तासाला त्या मुलांना सांगायच्या की ही त्या काळातली कच्ची समज. चित्रकार अजून शिकत होते. मुलं वहीत लिहून घ्यायची. शिकत नव्हते, आता त्यांना वाटलं. ते जाणत होते. माणसाला बाजूला वळवलं की त्याचं काय जातं हे त्यांना ठाऊक होतं, म्हणून ते हातात राहील तेवढं बाहेर काढून ठेवत होते. पुढच्या दरबारांना नाजूकपणा हवा होता. त्यांनी तो डोळा सोडून दिला. चारशे वर्षं सोडत आले.

त्यांनी खिडकीपाशी उजेडात चित्र धरलं आणि सगळ्यात बारीक कुंचली भिजवली. स्वयंपाकघरातून आवाज येत नव्हता. नाकाच्या पुढे, चुन्याच्या भिंतीवर, त्यांनी आधी पांढरा घातला. डाव्या हाताने उजवं मनगट धरून त्यांनी वरची रेघ ओढली, मग खालची. डोळा मोठा झाला, बदामासारखा, साताऱ्याच्या धाटणीत न बसणारा. आता बाहुली राहिली. अंजनाताई देवभोळ्या नव्हत्या, पण त्यांनी ओठातल्या ओठात काहीतरी म्हटलं आणि ठिपका टेकवला.

"बाई…"

त्या आत गेल्या. मनुबाई पाटावरच होत्या. त्यांनी मान वळवली, माणसं वळवतात तशी, आधी थोडी आणि मग पुरी. कपाळ दिसलं. दोन्ही भुवया दिसल्या. दोन डोळे दिसले. उजवा गाल, ठिपक्यांवाचूनचा, चमकीवाचूनचा, सुरकुतलेला, साधा, आणि अंजनाताईंना तो गाल जगातल्या सगळ्या चित्रांहून देखणा वाटला. त्या तिथेच फरशीवर बसल्या आणि मनुबाईंचा पिठाचा हात धरून रडल्या. आई गेली त्यानंतर त्या कुणासमोर रडल्या नव्हत्या.

"दिसतंय का आता? त्या बाजूचं?"

"दिसतंय की." मनुबाईंनी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. "रडू नगा. समदं दिसतंय."

मग दोघींच्याही ध्यानात आलं की जेवायचं राहिलं आहे. मनुबाईंनी भाकऱ्या भाजल्या. त्यांचा हात नेहमीसारखा झरझर चालत होता. त्या उठल्या, वळल्या, गेल्या, आल्या, आणि प्रत्येक वेळी अंजनाताईंनी पाहून घेतलं, डावा गाल, उजवा गाल. सगळं जागच्या जागी होतं. सतरंजी अंथरली, पाण्याचे तांबे ठेवले, ताटं मांडली. भाकरी, खरडा, दही, कांदा. अंजनाताईंना कडकडून भूक लागली. चारला जरा उशीर झाला तर शेरडं काही मरत नाहीत, असं मनुबाई स्वतःच म्हणाल्या, आणि दोघी हसल्या.

ताटं तीन होती.

"मनुबाई, तिसरं कुणाचं?"

मनुबाई अंजनाताईंच्या उजव्या खांद्यावरून मागे बघत होत्या. डावा डोळा अंजनाताईंवर होता. उजवा नव्हता.

"ह्या अंगाला बी मानसं हायत की, बाई," त्या म्हणाल्या. दारात आलेल्या पाहुण्यांबद्दल सांगावं तसं. "म्या म्हनलं कोन नसंल. लय हायत… पार भिताडापतोर बसल्यात. समदी गप. बायकाच जास्ती. कुनाचं नेसनं कसलं, कुनाचं कसलं…"

अंजनाताईंनी मागे न बघता विचारलं, "काय करतायत?"

"काय न्हाई. कुनीतरी बगंल म्हनून बसल्यात." मनुबाईंनी तिसऱ्या ताटात भाकरी वाढली, वर दह्याचा चमचा घातला. "त्यातली एकच उटून आलीया. तुमच्या मागं हुबी हाय." मग त्यांनी कान दिल्यासारखी मान कलती केली. "तुमचं नाव काय म्हनला हुता, बाई? म्या आपलं बाई बाईच म्हनतिया."

"अंजना."

"व्हय. त्येच म्हनती ती. आंजे म्हनून हाक मारती… सारकी."

अंजनाताई घरात थोरल्या. भाऊ त्यांना ताई म्हणत, आई-वडील अंजना म्हणत, कॉलेजात त्या मॅडम होत्या. आंजे असं त्यांना आयुष्यात कधी कुणी म्हटलं नव्हतं. असं म्हणणारं कुणीतरी असावं असं मात्र त्यांना वाटलं होतं. फार वर्षांपूर्वी, एकटीला, आणि ते त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं.

बाहेर वारा नव्हता. मनुबाईंनी ताट उचलून अंजनाताईंच्या उजव्या अंगाला ठेवलं, तिथे जागा कमी होती.

"जरा सरकून बसा, बाई. मगापास्नं हुबीच हाय बिचारी."

अंजनाताई बसल्या जागी दगड झाल्या होत्या. उठावं, चप्पल घालावी, उसातून कालव्यापर्यंत पळत सुटावं, हे सगळं त्यांना सुचलं. आणि विश्रामबागेतलं दारही आठवलं, बेल चांगली चालत असलेलं. उजवीकडून उसाचा नव्हे, तर ओल्या चुन्याचा वास येऊ लागला होता.

त्या सरकल्या. शेजारी सतरंजीला हळूच एक सुरकुती पडली, आणि कुणीतरी बसल्यावर लागते तशी ऊब त्यांच्या उजव्या दंडाला लागली. अंजनाताईंनी भाकरी मोडली, खरड्याला लावली आणि घास तोंडात घातला. मान तेवढी त्यांनी त्या बाजूला वळवली नाही.